कोरमअभावी तहकूब

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण नवी नोकरी. क्रिप्टोमधल्या एका स्टार्टअपमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर. माझं वय चव्वेचाळीस. ऑफिसात माझ्याखालोखाल वय एकोणतीस, आणि तो कॉफीचं मशीन दुरुस्त करायला आला होता.

सतरा वर्षं वॉशिंग मशीनच्या कंपनीत हेच काम केलं. गिऱ्हाइकाला काय हवं ते शोधायचं, इंजिनिअरांना सांगायचं, आणि त्यांना जे जमलं तेच गिऱ्हाइकाला हवं होतं हे नंतर सिद्ध करायचं. धुणं काय आणि पैसा काय, तत्त्व एकच. हे वाक्य बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, हळू बोल. काळ्याचं पांढरं करायची नोकरी लागली असं शेजारी समजतील.

तीन महिने प्रोबेशन. मग पद कायम. मनाला विचारलं, पक्की नोकरी सोडली यात अहंकार होता का? प्रामाणिक उत्तर: नाही. खात्रीसाठी पुन्हा विचारलं. नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
कंपनीचा संस्थापक सव्वीस वर्षांचा. अंगात कायम टोपीवाला स्वेटशर्ट, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मी मनात त्याला टोपडेसाहेब म्हणतो. तो मला सर म्हणतो. म्हणजे साहेब कोण हे अजून ठरायचं आहे.

प्रॉडक्ट समजून घेतलं. समजा तीस मित्रांनी मिळून पैसे साठवले. ते कोणाकडे ठेवायचे? आमचं म्हणणं, कोणाकडेच नाही. ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या आणि कोणालाच खोडता न येणाऱ्या डिजिटल वहीत ठेवायचे. खर्च करायचा तर सगळ्यांनी मत द्यायचं, ठराव पास झाला की सॉफ्टवेअर आपोआप पैसे देतं. मध्ये खजिनदार नाही. मी विचारलं, खजिनदारावर एवढा राग का? टोपडेसाहेब म्हणाले, सर, तो माणूस असतो.

कंपनीही याच पद्धतीने चालते. आमची टोकन, म्हणजे कंपनीतले डिजिटल हिस्से, घेतलेले दोन हजार लोक जगभर आहेत. महत्त्वाचे निर्णय त्यांच्या मताने. मॅनेजरने ठरवायचं नाही, ठराव मांडायचा. मी म्हटलं, माझ्या घरी वीस वर्षं हेच चालतं.

मुख्य प्रोग्रॅमरला कोणी पाहिलेलं नाही. कॉलवर त्याच्या जागी पेंग्विनचं चित्र दिसतं. नाव, गाव, वय कोणालाच माहीत नाही. पगार कोणाला देता, असं मी विचारलं. टोपडेसाहेब म्हणाले, पेंग्विनला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पहिली ग्राहक मुलाखत. ग्राहकाचं टोपणनाव कासव. अकरा प्रश्न काढून नेले होते. दिवस कसा जातो, ॲप वापरताना कुठे अडता, वगैरे. अकराही प्रश्नांना एकच उत्तर मिळालं: सर, टोकनची किंमत कधी वाढणार?

वॉशिंग मशीन घेणारा माणूस हे पुढच्या वर्षी केवढ्याला जाईल असं विचारत नाही. त्याला शर्ट धुवायचा असतो. इथे गिऱ्हाईकच मालक आहे, आणि मालकाला शर्ट धुवायचाच नाही.

तरी कासव माणूस गोड. फोन ठेवताना म्हणाला, तुमच्याशी बोलून बरं वाटलं, किंमत वाढली की कळवा.

गुरुवार, २० फेब्रुवारी
एका आठवड्यात चारशे नवे ग्राहक! मी सुचवलेली स्वागत योजना लागू पडली: नवं खातं उघडणाऱ्याला एक टोकन भेट. घरी आईस्क्रीम नेलं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही व्हायरल झालात. ती पंधरा वर्षांची आहे, सहसा अशी बोलत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
चारशेही खाती कासवाची निघाली.

वाईट वाटून घ्यायचं नाही. एकाच माणसाला चारशे वेळा आपल्याकडे यावंसं वाटलं. वॉशिंग मशीनमध्ये अशी निष्ठा नव्हती.

मंगळवार, ४ मार्च
ग्राहकांचं मत अजमावायला प्रश्नावली काढली. तत्त्वाला धरून तीही ब्लॉकचेनवर. तिथे काहीही नोंदवायचं तर नोंदवणाऱ्याला थोडी फी पडते, हे पेंग्विनने आधी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, ज्याला कळकळ आहे तो देईल.

दोघांना कळकळ होती. त्यातला एक मी. दुसऱ्याने लिहिलं, आमचं मत सांगायचे पैसे आम्हीच भरायचे का? हे मत मी गांभीर्याने घेतलं आहे.

बुधवार, १२ मार्च
रोगाचं मूळ सापडलं. कोणी मतच देत नाही. ठराव पास व्हायला निम्म्या लोकांनी मतदान केलं पाहिजे, तेवढा कोरम हवाच. मतं येतात नऊ. त्यामुळे सगळं अडकलेलं. ॲपवरचं एक बटण हिरवं करायचा ठराव गेल्या वर्षापासून पडून आहे.

दात घासताना उपाय सुचला. मी आमच्या इमारतीच्या कमिटीचा सहा वर्षं सेक्रेटरी होतो. तिथे कधी कोरम भरला का? एकदाही नाही. मग कामं अडली का? तीही नाही. कारण नियम: सभा कोरमअभावी तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल, मग कोरमची गरज नाही, हजर असतील तेवढ्यांनी ठरवायचं. पाण्याच्या टाक्या, रंगकाम, लिफ्ट, सगळं त्या अर्ध्या तासानंतर झालं.

जगात एवढे ब्लॉकचेनवाले, कोणाला सुचलं नाही. अनुभव बाजारात मिळत नाही.

शुक्रवार, १४ मार्च
कल्पना मांडली. अकरा वाजता मतदान, कोरम नसेल तर तहकूब, साडेअकराला पुन्हा दहा मिनिटं उघडायचं, येतील त्या मतांवर निकाल. टोपडेसाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, सर, हे भारी आहे, मतदानाचे नियम अजून माझ्या हातात आहेत, लगेच लावू.

पेंग्विन म्हणाला, इमारतीत अर्धा तास चालतो कारण लोक जिन्यातच गप्पा मारत असतात. आपले लोक चार खंडांत असतात, त्यातले निम्मे झोपेत. मी म्हटलं, झोपलेल्याला उठवणं हे प्रॉडक्टचं काम नाही.

त्याने विचारलं, नक्की ना? हे एकदा ब्लॉकचेनवर चढलं की मीही बदलू शकत नाही. मी म्हटलं, काही वाटलं तर पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. तो म्हणाला, सर, पुढचं व्हर्जन म्हणजे दुसरी कंपनी.

प्रोग्रॅमर लोक जरा नाट्यमय असतात. पेंग्विन असले तरी.

आणखी दोन सुधारणा घातल्या. फेटाळलेला विषय तीस दिवस पुन्हा मांडता येणार नाही, म्हणजे कटकटे लोक गप्प बसतील. आणि पदाविषयी ठराव झाला की पगार, पासवर्ड सगळं निकालाप्रमाणे आपोआप सुरू किंवा बंद होईल. मध्ये कोणाचा हात नको, टोपडेसाहेबांचाही नको. वशिलेबाजीला जागाच ठेवली नाही.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती दातांची डॉक्टर. म्हणाली, दात काढण्याआधी मी पेशंटला तीनदा विचारते, हाच ना? काढलेला परत लावता येत नाही. मी म्हटलं, क्षेत्र वेगळं आहे.

सोमवार, ३१ मार्च
नियम लागू होऊन दहा दिवस. सात ठराव पास! बटण हिरवं झालं. पहिल्या फेरीला कोणी फिरकत नाही, साडेअकराला तीनचार जण येतात आणि भराभर उरकतात. अगदी इमारतीसारखं वाटतं. फक्त चहा नाही.

मतदान मात्र नवावरून तीनवर आलं. गर्दी कमी, गुणवत्ता जास्त.

उजवी अक्कलदाढ ठणकते आहे.

मंगळवार, ८ एप्रिल
टोपडेसाहेबांनी बाजूला घेतलं. म्हणाले, सर, प्रोबेशन संपत आलंय. मला तुम्ही हवे आहात. मी तुम्हाला कायम करून टाकतो, पत्र आजच देतो.

आनंद झाला. पण लगेच मनाला विचारलं: हे बरोबर आहे का? बटणाच्या रंगाला मतदान आणि माझ्या पदाला वशिला? म्हटलं, नको. नियम सर्वांना सारखा. ठराव मांडा. ते म्हणाले, अहो सर, राहू द्या ना, मी सांगतोय ना! मी ठाम राहिलो. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. टोपीखाली केस आहेत हे आज कळलं.

बायको म्हणाली, तो ताट वाढून देतोय आणि तू म्हणतोस, आधी पंगतीचं मतदान घ्या. तिला सगळ्यांचा तिरपेपणा दिसतो. व्यवसायाचा परिणाम.

आणखी एक ठरवलं. माझ्याकडे कंपनीची टोकन आहेत, म्हणजे मलाही मत आहे. ते देणार नाही. स्वतःच्या पदावर स्वतः मत देणं शोभत नाही. प्रचारही नाही. टोपडेसाहेब म्हणाले, मग मी तरी लोकांना आठवण करतो. मी म्हटलं, मुळीच नको. लोकांना वाटलं तर लोक येतील.

मंगळवार, १५ एप्रिल
मतदान पुढच्या मंगळवारी, अकराला. दाढ आता डोक्यात बोलते. बायकोच्या दवाखान्यात नेमकी त्याच दिवशी, त्याच वेळेची अपॉइंटमेंट मिळाली. नवऱ्याला वशिला लागत नाही म्हणाली, तुझाच नियम.

एका अर्थी उत्तम. मतदानाच्या वेळी मी तोंड उघडून खुर्चीत असेन. याहून तटस्थ कसं राहायचं?

मंगळवार, २२ एप्रिल, दुपार
तोंडात कापूस. बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

अकराला कोरम नाही, तहकूब, हे अपेक्षितच होतं. साडेअकराला दाढ अर्धी बाहेर. बायको म्हणत होती, हलू नकोस, आडवी आहे, तुझ्यासारखीच. फोन तिच्या टेबलाच्या खणात. बाराच्या सुमारास पाहिला.

बाजूने: शून्य. विरोधात: एक. ठराव नामंजूर.

लॅपटॉप उघडला. पासवर्ड घेईना. स्क्रीनवर आलं की अशी कोणी व्यक्ती नाही.

सॉफ्टवेअर बरोबर चालतंय. एवढं समाधान आहे.

बुधवार, २३ एप्रिल
चौकशी केली.

टोपडेसाहेब विमानात होते. त्यांना वाटलं, पेंग्विन देईल. पेंग्विनला वाटलं, टोपडेसाहेब देतील, आणि तसंही सर शेवटच्या क्षणी स्वतः देतीलच, एवढं कोण पाळतं? विरोधातलं एक मत कासवाचं. फोनवर त्याचा आवाज रडवेला होता. म्हणाला, सर, मला वाटलं सगळेच बाजूने देणार. एकमताने पास झालेलं जरा खोटं वाटतं हो. थोडा विरोध असला की ठरावाला वजन येतं. तुमच्या भल्यासाठीच दिलं.

टोपडेसाहेबांना म्हटलं, मागचं ते पत्र देता का? ते म्हणाले, सर, शपथेवर सांगतो, माझ्या हातात काही नाही. तुम्हीच काढून घेतलंत.

तीस दिवस हा विषय पुन्हा मांडता येणार नाही. आता ही सुधारणा जरा जास्त वाटते.

रविवार, २७ एप्रिल
लेकीला समजावलं की मला काढलेलं नाही. ठेवण्याचा ठराव नामंजूर झाला आहे, त्यात फरक आहे. ती म्हणाली, हो बाबा. गणितात मला पास होण्याचा ठराव नामंजूर झाला होता तसं.

बायकोने पानात वरणभात मऊ कालवून वाढला. दाढेमुळे, असं म्हणाली.

मनाला कठोरपणे विचारलं, चूक कुठे झाली? उत्तर मिळालं: तटस्थपणाचा अतिरेक. पुढचा ठराव २३ मेला मांडता येईल: प्रॉडक्ट मॅनेजरचं पद पुन्हा सुरू करावं. या वेळी स्वतःचं मत स्वतःला देणार. हा अहंकार नव्हे, सहभाग आहे. पहिली फेरी नेहमीप्रमाणे पडेल. साडेअकराला मी, टोपडेसाहेब, पेंग्विन आणि कासव. चारविरुद्ध शून्य. यात बिघडण्यासारखं काहीच नाही.

शुक्रवार, ९ मे
वॉशिंग मशीनवाल्या जुन्या साहेबांचा फोन. म्हणाले, तुझी खुर्ची अजून रिकामी आहे, येतोस का? पंधरा तारखेपर्यंत सांग. मी नम्रपणे सांगितलं की मी आता अशा क्षेत्रात आहे जिथून मागे जाता येत नाही. ते म्हणाले, बरं, सांभाळ.

बायको हे ऐकत होती. म्हणाली, फिरून फोन कर. मी म्हटलं, चारविरुद्ध शून्य. ती म्हणाली, मग निदान गप्प बस आणि काही करू नकोस.

बायका राजकारण जाणतात, पण प्रॉडक्ट जाणत नाहीत. गप्प बसूनच तर गेल्या वेळी घात झाला.

सोमवार, १२ मे
दोन हजार सभासदांना पत्र पाठवलं. शीर्षक: मी कोण आणि का. नऊ पानं. धुण्यापासून कोरमपर्यंतचा प्रवास, सगळं प्रामाणिकपणे. चुकासुद्धा. लेक म्हणाली, बाबा, सगळ्यांना नका पाठवू, तुम्हाला चारच मतं हवीत ना? मी म्हटलं, चार मतांनी जिंकणं आणि लोकांनी बोलावणं यात फरक आहे.

गुरुवार, १५ मे
प्रतिसाद प्रचंड! एका सभासदाने लिहिलं, आपल्याकडे हे पद होतं? दुसऱ्याने लिहिलं, पगार आपल्या पैशातून जात होता का? तिसऱ्याने लिहिलं, तो अर्ध्या तासाचा नियम याच गृहस्थांचा? लोक एकमेकांना पत्र पाठवताहेत. सबंध कारकिर्दीत मी एवढी उत्सुकता पाहिली नव्हती.

रोज एक आठवण पाठवायची ठरवलं. तारीख, वेळ आणि शेवटी: आपलं मत अमूल्य आहे, जरूर या.

मंगळवार, २० मे
जुन्या साहेबांनी खुर्ची भरली. बाहेरून कळलं. बरं झालं. मनात पळवाट असली की माणूस पूर्ण ताकद लावत नाही.

टोपडेसाहेबांनी फोनवर विचारलं, सर, अजून किती आठवणी पाठवणार आहात? पेंग्विन म्हणतोय, लोक जागे होताहेत. मी म्हटलं, म्हणजे जमलं!

शुक्रवार, २३ मे
सकाळी दाढी. इस्त्रीचा शर्ट. लेकीच्या लॅपटॉपसमोर पावणेअकराला. बायको दवाखान्यात जाताना दारात थांबली. म्हणाली, काहीही झालं तरी जेवून घे.

अकरा वाजता मतदान उघडलं. पहिलं मत मीच दिलं, स्वतःला. फी पडली. नंतर आकडा हलायला लागला. नऊ. नव्वद. मला वाटलं कासवाची खाती असावीत. सहाशे. मग कासव एकटा नसणार. हजाराच्या पुढे गेला तेव्हा स्क्रीनवर एक चौकोन आला, तो याआधी कोणी पाहिलाच नव्हता: कोरम पूर्ण.

कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा. हेच साधायला मी आलो होतो.

बाजूने: दोन. बाकी सगळे विरोधात.

टोपडेसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, सर, मी मत दिलंच नाही. तुमच्याशी माझे संबंध आहेत, ते शोभलं नसतं. तुमच्याकडूनच शिकलो. पेंग्विन म्हणाला, मी विरोधात दिलं. माफ करा, पण गेला महिना फार शांत गेला, बरीच कामं झाली. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात माणूस ऐकू आला. दुसरं मत कासवाचं. त्याचा निरोप होता, सर, सगळेच विरोधात गेले की विरोधसुद्धा खोटा वाटतो हो. म्हणून तुम्हाला दिलं.

मतांसोबत बऱ्याच जणांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. कोणी वाईट बोललं नाही. पत्र सुंदर होतं म्हणाले. काहींनी नऊही पानं वाचली होती. एका बाईंनी विचारलं होतं, वॉशिंग मशीन घेताना कोणतं घ्यावं? त्यांना सविस्तर उत्तर लिहिलं. कपडे किती, पाणी कसं, माणसं किती, हे आधी विचारलं. त्यांचं उलट उत्तर लगेच आलं.

तोवर अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. कोरम भरल्यामुळे सभा तहकूब नव्हती. साडेअकराला काहीही उघडणार नव्हतं, नियम माझाच आहे, मला तोंडपाठ आहे.

तरी साडेअकरापर्यंत बसलो.